पडद्यावर उजळ, प्रिंटमध्ये काळपट

प्रश्न : मी लग्नसमारंभांची आणि शिगम्याची छायाचित्रे काढतो. संगणकावर प्रसन्न दिसणारे छायाचित्र पणजीच्या लॅबमधून छापून आले की काळपट दिसते आणि गुलालाचा रंग तर पार मरतो. लॅबवाले माझ्या मॉनिटरला दोष देतात. तो कॅलिब्रेट केल्यास हा त्रास थांबेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : काळपटपणा बहुतांशी थांबेल, गुलालाबद्दल मात्र तशी हमी देता येत नाही.

नवा मॉनिटर दुकानात झगझगीत दिसावा अशा बेताने लावलेला असतो. त्याचे तेज चौरस मीटरला २५० ते ३०० कँडेलापर्यंत जाऊ शकते, तर प्रिंटसाठी काम करताना ते ८० ते १२०च्या दरम्यान असावे लागते. अशा पडद्यासमोर बसून डोळ्यांना बरे वाटेपर्यंत तुम्ही छायाचित्र गडद करता आणि कागदाला स्वतःचा उजेड नसल्यामुळे ते तिथे आणखी गडद भासते. लॅबवाल्यांचे म्हणणे, म्हणजे, निव्वळ टोलवाटोलवी नव्हे.

कॅलिब्रेशनचे उपकरण घेण्याआधी एक पडताळा करून पाहा. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, ज्या उजेडात प्रिंट पाहता त्याच उजेडात शेजारी छपाईचा कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. सुरुवातीला पडदा मलूल वाटेल, पण डोळे लवकरच सरावतात.

रंगांच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण निळसर असो वा पिवळसर, समोरच्या पांढऱ्याला ते थोड्या वेळाने पांढरेच मानू लागतात. त्यासाठी पडद्यावर टेकवून रंग मोजणारे उपकरण, म्हणजे कलरीमीटर, लागते. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, नाइट लाइट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करा आणि ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा) व १०० कँडेलाच्या आसपास तेज असे लक्ष्य ठेवा. मॉनिटरला या ठरलेल्या स्थितीवर आणणे म्हणजे कॅलिब्रेशन, आणि त्या स्थितीत तो कोणता रंग कसा दाखवतो याची नोंद म्हणजे आयसीसी प्रोफाइल. नंतर कोणी ब्राइटनेसला हात लावला की ती नोंद खोटी ठरते, तेव्हा घरातल्यांना आधीच बजावून ठेवलेले बरे. हे काम दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा करावे. आपल्याकडच्या निळ्या-पिवळ्या भिंती सुंदर दिसतात, पण मॉनिटरमागची भिंत करडी किंवा पांढरीच असावी आणि दुपारचे ऊन पडद्यावर येऊ देऊ नये.

आता गुलाल. तुमची फाइल ॲडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या रंगपद्धतीत असेल आणि लॅबचे यंत्र तिला एसआरजीबी या नेहमीच्या, लहान आवाक्याच्या पद्धतीतली समजत असेल, तर रंग फिके पडणारच. म्हणून लॅबने वेगळे सांगितले नसल्यास फाइल एसआरजीबीमध्येच रूपांतरित करून द्या. एवढे करूनही पडद्यावरचा काही भडक गुलाबी कागद-शाईच्या आवाक्याबाहेरच राहतो, त्याला कोणतेही कॅलिब्रेशन पुरे पडत नाही. लॅबकडून त्या कागदाचे प्रोफाइल मागून घ्या, सॉफ्ट प्रूफिंगमध्ये, म्हणजे प्रिंट कशी येईल याचा पडद्यावरच अंदाज देणाऱ्या सोयीत, चित्र पाहा आणि फक्त गुलाबीची तीव्रता थोडी उतरवा. रंग किंचित सौम्य होईल, पण गुलालाने माखलेल्या चेहऱ्यांवरचे बारकावे सपाट होणार नाहीत.

प्रोफाइल मिळत नसेल तर संपूर्ण अल्बम छापायला देण्यापूर्वी त्याच कागदावर दोन-चार छोट्या प्रिंट काढून घ्या, आणि त्या काउंटरवरच्या दिव्याखाली न तपासता दाराबाहेर, थेट ऊन नसलेल्या सावलीत पाहा.