वाचक विचारतात : युनेस्कोची यादी, गावचा ठराव आणि परदेशी जाण्याचे कागद

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे पाच आपल्या कोकणातले. त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांतली पाच पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) कातळशिल्पे आहेत. शेजारच्या राजापूर तालुक्यातली शिल्पे युनेस्कोत गेली म्हणतात. आमचीही जावीत म्हणून पॅरिसला, युनेस्कोच्या मुख्यालयात, अर्ज कसा करायचा? निधी किती मिळतो?
— ग्रामपंचायत सदस्य, लांजा तालुका

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. राजापूरची शिल्पे जागतिक वारसा यादीत गेलेली नाहीत. ती २०२२ पासून भारताच्या संभाव्य यादीत आहेत. त्या नोंदीत एकूण नऊ ठिकाणे येतात. रत्नागिरी जिल्ह्यातली सात : कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण आणि उक्षी. सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ ही उरलेली दोन. संभाव्य यादी म्हणजे 'या जागा आम्ही पुढे कधीतरी सुचवू' असे देशाने कळवणे. भारताच्या या यादीत साठाहून अधिक नावे आहेत आणि पूर्ण प्रस्ताव वर्षाला एका देशाकडून एकच घेतला जातो. त्यामुळे रांग लांब आहे.

पॅरिसला थेट अर्ज करता येत नाही. १९७२ चा जागतिक वारसा करार देशांमधला आहे. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला, आणि तेव्हापासून प्रस्ताव जातो तो केंद्र सरकारकडूनच. १ फेब्रुवारीपर्यंत पोहोचलेल्या प्रस्तावाची 'इकोमॉस' ही तज्ज्ञ संस्था छाननी करते, प्रत्यक्ष जागा पाहते आणि साधारण दीड वर्षाने समिती निर्णय देते. आपले किल्ले २०२१ मध्ये संभाव्य यादीत आले आणि २०२५ मध्ये मुख्य यादीत, हा वेग बराच चांगला म्हणायचा. आता त्याआधी प्राथमिक मूल्यमापनाचा टप्पाही आला आहे. त्याची मुदत १५ सप्टेंबर असते आणि तो केवळ कागदांवरून होतो.

निधीबद्दल स्पष्टच सांगतो : नावासोबत पैसे येत नाहीत. जागतिक वारसा निधी आहे, पण तो लहान आहे आणि त्यात भारतासारखे सदस्य देश स्वतःच वर्गणी भरतात. रस्ता, कुंपण, राखणदार हा खर्च आपल्या सरकारचा आणि आपल्या पंचायतीचा.

तरीही तुमच्या हातात बरेच काही आहे आणि ते आत्ताच करण्यासारखे आहे. संभाव्य यादीने कायद्याचे संरक्षण मिळत नाही. उद्या त्या सर्व्हे नंबरात चिरेखाण सुरू झाली तर यादी दाखवून ती थांबत नाही. संरक्षण मिळते ते राज्याच्या १९६० च्या पुरातत्त्व कायद्याखाली अधिसूचना निघाल्यावर. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून तो पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी येथील सहायक संचालकांकडे पाठवा.

ठराव बहुतेक वेळा एका कारणाने अडकतो : त्यात 'गावच्या सड्यावरील शिल्पे' एवढेच लिहिलेले असते. सर्व्हे व हिस्सा नंबर, सातबाऱ्यावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांची नावे, आकृत्यांची संख्या, प्रत्येकीची लांबी-रुंदी आणि मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश त्यात यायला हवेत. सडे बहुधा सामायिक खात्यातले असतात आणि निम्मे खातेदार मुंबईला. त्यांची संमती आधी मिळवली नाही तर अधिसूचनेवरच्या हरकतींच्या मुदतीत पहिली हरकत घरातूनच येते.

फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा. तिरक्या उन्हात खोदलेल्या रेषेच्या एका कडेला सावली पडते आणि आकृती आपोआप उठून दिसते. दुपारच्या उन्हात तोच कातळ कोरा वाटतो. फोटोत मोजपट्टी ठेवा. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर आहे. एवढी आकृती जमिनीवरून एका फोटोत मावत नाही, तिथे शिडी किंवा ड्रोन लागतो.

रेषा दिसाव्यात म्हणून खडू, चुना, रांगोळी किंवा रंग भरू नका. सड्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. चुना त्याच्या छिद्रांत बसला की निघत नाही आणि घासून काढायला गेले तर मूळ खोदकामाची कड जाते. शिल्पांच्या काळाचा अभ्यास करणाऱ्यांना ती कडच हवी असते. ब्रशने साबण लावून धुणेही तितकेच घातक. कुंपण घालायचे तर सुट्या चिऱ्यांचे, सिमेंट न वापरता, आकृत्यांपासून चांगले लांब आणि पावसाच्या पाण्याची वाट न अडवता घाला. पाणी तुंबले की शेवाळ धरते.

प्रश्न : विजयदुर्गात किल्ल्याच्या जवळ आमचे वडिलोपार्जित घर आहे. युनेस्कोमुळे आता कौलेसुद्धा बदलता येणार नाहीत असे सांगतात. खरे का?
— वाचक, देवगड तालुका

उत्तर : युनेस्को कुणाच्या घराला परवानगी देत नाही आणि नाकारतही नाही. विजयदुर्ग केंद्र संरक्षित असल्याने तिथे १९५८ चा केंद्रीय पुरातत्त्व कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू आहे, म्हणजे यादीच्या कितीतरी आधीपासून. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. मोजणी तटापासून सुरू होत नाही, पुरातत्त्व खात्याच्या नकाशावरील हद्दीपासून सुरू होते. आपले घर कोणत्या पट्ट्यात येते ते आधी लेखी घ्या.

१०० मीटरच्या आत नवे घर, वाढीव खोली किंवा वरचा मजला होत नाही; जुने पाडून पुन्हा बांधणेही नाही. दुरुस्ती व नूतनीकरण मात्र परवानगीने होते. अट अशी की घर १६ जून १९९२ च्या आधीचे असावे किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेले असावे. म्हणून त्या तारखेआधीचा घरपट्टीचा असेसमेंट उतारा शोधून ठेवा. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो, प्राधिकरणाला दोन महिने आणि नंतरच्या निर्णयाला एक महिना. म्हणजे मे महिन्यात कौले उतरवायची तर अर्ज दिवाळीच्या सुमारास टाका.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक 'दुरुस्ती' या नावाखाली स्लॅब आणि जिना दाखवल्यामुळे. कौलाला कौल, वाशाला वासा, तीच उंची, तोच पाया असे आराखड्यात स्वच्छ दाखवा. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही.

प्रश्न : दशावतार युनेस्कोच्या यादीत का नाही? गरबा गेला, दुर्गापूजा गेली. आमच्या मंडळांनी काय करावे?
— दशावतारी कलावंत, वेंगुर्ले तालुका

उत्तर : तुमची खंत रास्त आहे. रात्रभर लिखित संहितेशिवाय, केवळ कथानक ठरवून, आयत्या वेळी संवाद रचत उभा राहणारा हा प्रयोग जगापुढे मांडण्याच्या तोलाचा आहे यात आम्हाला शंका नाही. पण यादी गुणवत्तेची स्पर्धा म्हणून चालत नाही. २००३ च्या अमूर्त वारसा कराराखाली (भारत त्यात २००५ मध्ये आला) विचारले जाते ते असे : ही परंपरा कोण जगवते, ती पुढच्या पिढीकडे कशी जाते, ती टिकवायची तुमची योजना काय आणि या प्रस्तावाला तुमची संमती आहे का.

पहिली पायरी देशाच्या स्वतःच्या सूचीत नोंद. यासाठीची नोडल संस्था दिल्लीची संगीत नाटक अकादमी. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयामार्फत तिथे जाता येते. पुढे देशाने निवडले तर ३१ मार्चपर्यंत ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, दहा छायाचित्रे आणि पाच ते दहा मिनिटांची चित्रफीत जाते. अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. निकाल पुढच्या वर्षाच्या शेवटी. गरबा २०२३ मध्ये गेला, दिवाळी २०२५ मध्ये. एवढ्या मोठ्या देशातून एकेकच प्रस्ताव पुढे सरकतो, हे धरून चाला.

संमतीचा भाग तुम्ही आजपासून करू शकता आणि तोच सर्वांत कच्चा राहतो. एकच मजकूर टाइप करून खाली मंडळांच्या सह्या घेतलेली पत्रे तपासणाऱ्यांना पटत नाहीत. प्रत्येक मंडळाच्या मालकाने, संकासुर करणाऱ्याने, स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाने, पखवाज आणि पायपेटी वाजवणाऱ्याने, पेटारा वाहणाऱ्याने आणि ज्या देवळाच्या जत्रेला नाटक होते तिथल्या मानकऱ्यांनी आपल्या शब्दांत सांगावे. मालवणीतून बोललेले ध्वनिमुद्रणही चालते, सोबत भाषांतर द्यावे लागते. मोबाईलवर एका जत्रेच्या हंगामात हे काम होईल.

मजकूर लिहिताना 'सर्वांत प्राचीन', 'एकमेव', 'अस्सल' हे शब्द टाळा. या कराराखाली एका परंपरेला दुसरीवर चढवलेले चालत नाही; अशा भाषेवर समिती हरकत घेते. त्याऐवजी नेमके लिहा : आड दशावतारात (मुख्य आख्यानाआधीच्या भागात) गणपतीनंतर कोण येतो, मुख्य आख्यान केव्हा सुरू होते, पहाटे दहीकाला कसा होतो, नवा मुलगा मंडळात कोणत्या वयाला येतो आणि आधी त्याला कोणते काम देतात. चित्रफितीत विजेच्या माळा आणि पाहुण्यांची भाषणे नकोत. रंगपटात आरशासमोर स्वतःचा चेहरा स्वतः रंगवणारा नट दोन मिनिटे दाखवा. शिकणे-शिकवणे तिथे दिसते.

पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या यांनाही हीच वाट लागू आहे. दोन्ही कला एका अर्जात कोंबू नका. जपणारे लोक वेगळे असले की संमतीचे कागद विस्कळीत होतात.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेला युनेस्कोशी जोडून घेता येते का?
— शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर : १९५३ पासून 'सहयोगी शाळा' हे युनेस्कोचे जाळे आहे. प्रवेश राष्ट्रीय समन्वयकामार्फत, म्हणजे भारतात शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या युनेस्को सहकार्यविषयक राष्ट्रीय आयोगाकडून. आधी गट शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. पैसे घेऊन 'युनेस्को प्रमाणपत्र' देणारा कुणी दारात आला तर त्याला परत पाठवा.

प्रश्न : मुलीला एम.एस.साठी जर्मनीला जायचे आहे. एजंट म्हणतो सगळ्या गुणपत्रिकांना अपोस्टिल करा. खर्च बराच सांगतो. करावे का?
— पालक, कुडाळ

उत्तर : जर्मनीसाठी नको. अपोस्टिल हा कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारायचा, १९६१ च्या हेग कराराखालचा शिक्का. भारतासाठी तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप नोंदवला, म्हणून या दोन देशांत तो चालत नाही. फ्रान्स, जपान, नेदरलँड्स इथे चालतो, आणि अनेक एजंट सर्वांना एकच दर लावून तोच शिक्का मारून देतात. ज्या देशात तो लागतो तिथेही परराष्ट्र मंत्रालयाचे शुल्क एका कागदाला ५० रुपयेच आहे. बाकी रक्कम सेवेची आणि हेलपाट्यांची.

जर्मनीला भारतीय विद्यार्थ्यांसाठी नोव्हेंबर २०२२ पासून 'एपीएस' प्रमाणपत्र लागते. ऑनलाईन नोंदणी, १८,००० रुपये शुल्क, मग दहावीपासून पदवीपर्यंतच्या कागदांची पडताळणी. विद्यापीठाच्या प्रवेशाची मुदत जवळ येईपर्यंत थांबू नका; आधी हेच हातात घ्या.

कागद अडतात ते नावावरून. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव पहिले, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा आणि मधले नाव कधी असते, कधी नसते. सावंत हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर 'डब्ल्यू'ने आणि दुसऱ्यावर 'व्ही'ने लिहिलेले असते. सगळे कागद टेबलावर मांडून अक्षर अन् अक्षर जुळवा. गुणपत्रिकेत चूक असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे अर्ज करा. पदवीच्या कागदात असेल तर कॉलेजमार्फत मुंबई विद्यापीठाकडे. पासपोर्ट काढायचा बाकी असेल तर दहावीच्या गुणपत्रिकेवरचे स्पेलिंगच त्यावर घ्या.