वाचकांचे प्रश्न : फिनिश 'साता' आणि संस्कृत 'शत'

प्रश्न : फिनिश भाषेत शंभराला 'साता' आणि हंगेरियनमध्ये 'साझ' म्हणतात, असे वाचनात आले. या भाषा उरालिक कुळातल्या आणि संस्कृत भारोपीय (इंडो-युरोपियन) कुळातली, तर मग हे शब्द संस्कृत 'शत'शी इतके जुळतात कसे? आणि ज्या मूळ भाषेची एक ओळही लिहिलेली सापडत नाही, तिचे शब्द अभ्यासक कशावरून ठरवतात?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचा उलगडा त्यातूनच होतो. शब्द कानाला सारखे लागले, एवढ्याने नाते सिद्ध होत नाही; त्यांच्यातला फरक नियमाने पडलेला असावा लागतो. मासा फिनिशमध्ये 'काला', हंगेरियनमध्ये 'हॉल'. फिनिश 'कोता' म्हणजे खोपट, हंगेरियन 'हाझ' म्हणजे घर. म्हणजे 'क'च्या जागी 'ह' येतो. पण हाताला फिनिशमध्ये 'कॅसी' आणि हंगेरियनमध्ये 'केझ' म्हणतात. तिथे 'क' तसाच राहिला आहे. हा अपवाद नव्हे, कारण हंगेरियनमध्ये 'क'चा 'ह' झाला तो पुढे पश्चस्वर (जिभेच्या मागच्या भागाने उच्चारले जाणारे अ, ओ यांसारखे स्वर) असतानाच. अशा जोड्यांशेजारी उरालिक कुळाच्याच सामोयेद शाखेतल्या नेनेत्स भाषेचा 'खाल्या' ठेवला, की माशाचे मूळ रूप 'काला' असे ठरते. ते अनुमानित आहे हे कळावे म्हणून त्याच्याआधी तारका छापतात. (शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी नॉर्वेतील वार्दो येथे गेलेल्या यानोश शायनोविच यांनी १७७० मध्येच सामी (उत्तर स्कँडिनेव्हियातली उरालिक भाषा) आणि हंगेरियन यांचे नाते मांडले होते, नियमांची ही शिस्त मात्र पुढच्या शतकातली.)

आता 'साता'. त्यातल्या 'त'चा हंगेरियनमध्ये 'झ' झाला, जसा 'कोता'–'हाझ'मध्ये झाला. त्यामुळे नुसत्या नियमांकडे पाहिले तर हा शब्द घरचाच वाटतो. त्याचे परकेपण उघड होते ते पलीकडच्या भारोपीय कुळात. लॅटिन 'केंतुम'मध्ये आरंभीचा 'क' आणि मधला अनुनासिक टिकून आहेत. संस्कृत ज्यात येते त्या भारत-इराणी शाखेत मात्र 'क'चा ऊष्म वर्ण ('श', 'स' यांसारखा) झाला आणि अनुनासिक जाऊन 'अ' उरला. 'साता'मध्ये हे दोन्ही बदल झालेलेच दिसतात, म्हणून तो त्या शाखेकडून उसना घेतलेला आहे, आणि तोही हंगेरियनमध्ये 'त'चा 'झ' होण्याच्या आधी. सामोयेद भाषांत तो आढळत नाही, हेही या निष्कर्षाला धरूनच आहे; ती शाखा आधीच वेगळी झाली असेल तर हा उसना शब्द तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

मधाचा शब्द याहून रंजक आहे. फिनिश 'मेसी' (प्रत्यय लागताना 'मेते-') आणि हंगेरियन 'मेझ' हे 'मधु'चे नातलग खरे, परंतु संस्कृतात 'अ' असलेल्या जागी यांत 'ए' आहे. तेव्हा भारत-इराणी भाषांत 'ए'चा 'अ' होण्यापूर्वीच तो उरालिककडे गेला असावा.