काळ्या मातीत गॅरेजचा पाया: इमारत हलकी आहे म्हणून उथळ पाया चालेल का?

आपण विचारले आहे की इंदूरमध्ये घरामागच्या मोकळ्या जागेत एका गाडीपुरते स्वतंत्र गॅरेज स्वतःच्या देखरेखीखाली बांधायचे असल्यास कडा जाड केलेला एकसंध काँक्रीटचा स्लॅब, भिंतीखालचा सलग पट्टीपाया आणि कॉलम-फुटिंग (प्रत्येक खांबाखालचा सुटा पाया) यांपैकी काय निवडावे. शेवटी आपण असेही म्हटले आहे की वर पत्रेच येणार असल्यामुळे वजन फारसे नाही, तेव्हा दीड फुटाचा पाया पुरेसा व्हावा. या शेवटच्या वाक्यासाठीच मी उत्तर लिहीत आहे, कारण आमच्या घरात माझ्या थोरल्या बंधूंनी नेमके हेच म्हटले होते आणि त्यावरून झालेला वाद आजही मिटलेला नाही.

काळ्या मातीत हलक्या इमारतीला उथळ पाया चालतो, हे साफ चूक आहे. माळव्यातली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून अशी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. इतरत्र चिंता असते ती इमारत खचण्याची. इथे जमीनच इमारतीला वर उचलते. ९ इंची विटांची ३ मीटर उंच भिंत धरली, तर तिचे वजन दर मीटर लांबीला साधारण १.३ टन भरते, आणि ६० सेंटिमीटर रुंद पायावर पसरल्यावर दर चौरस मीटरला जेमतेम २.२ टन दाब पडतो. काळ्या मातीचा फुगण्याचा दाब याच्या कित्येक पट असू शकतो. तीन मजली घर निदान आपल्या वजनाने तिला काही प्रमाणात दाबून धरते. गॅरेजच्या किंवा कुंपणाच्या भिंतीला ते जमत नाही, म्हणून तडे आधी तिथेच जातात.

परदेशी व्हिडिओंमधला एकसंध स्लॅब पाहून आपण भारावला असाल, तर तिथे पायाची खोली थंडीत जमीन कुठवर गोठते यावरून ठरवतात हे लक्षात घ्यावे. इंदूरची जमीन गोठत नाही. आपल्याला शोधायचा आहे तो असा थर, ज्यातला ओलावा बाराही महिने सारखा राहतो.

आमचे दोघा भावांचे प्लॉट राजेंद्रनगरच्या पलीकडे एकमेकांना लागून आहेत. दादांनी गॅरेज काढले तेव्हा मी एवढेच म्हटले होते की आधी एक खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो ते पाहू. खड्डा खणला, माणूस खांद्यापर्यंत आत उतरला, तरी काळी मातीच निघत होती, आणि तिच्या खाली चिकट पिवळी माती लागली. मुरमाचा पत्ता नव्हता. दादा म्हणाले, “अरे, गाडी उभी करायची आहे, हत्ती नाही बांधायचा.” ठेकेदारानेही त्यांचीच री ओढली. दीड फूट चर खणली, तळाशी जाड रेती पसरली, तिच्यावर दगडाचे बांधकाम आणि आत गिट्टी ठोकून फरशीचे काँक्रीट, असा सगळा प्रकार झपाट्याने उरकला. पहिला पावसाळा सुखरूप गेला आणि दादांनी ते सर्व नातेवाइकांना सांगितले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शटर अडकू लागले. ओळंबा लावून पाहिले तर एका बाजूची पट्टी सरळ राहिली नव्हती, आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून पत्र्याकडे तिरका तडा गेला होता, वर रुंद आणि खाली केसाएवढा. ठेकेदाराने तो मसाल्याने बुजवून वर रंग दिला. पावसाळा सुरू झाल्यावर तोच मसाला दोन्ही बाजूंनी चेपला जाऊन पापुद्रे सुटून बाहेर आला, कारण तडा पुन्हा मिटत होता.

दादांचे म्हणणे असे की ठेकेदाराने सिमेंट खाल्ले. मी हे कधीही मान्य केले नाही आणि इथेही करणार नाही. मी तड्याच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने खुणा करून त्यांमधले अंतर पट्टीने मोजत राहिलो. मे महिन्यात ते वाढलेले असे आणि ऑगस्टअखेर कमी झालेले असे. सिमेंट कमी पडलेली भिंत भुरभुरते, तिचा गिलावा नखाने निघतो, पण तिचा तडा ऋतुमानाप्रमाणे उघडत-मिटत नाही. उन्हाळ्यात कडेची माती सुकून कोपरा खाली गेला की तडा उघडतो, पावसात कोपरा वर आला की मिटतो. ठेकेदाराची खरी चूक होती ती रेती. रेतीतून पाणी सहज उतरते, खालच्या चिकण मातीवर अडते, आणि पायाखाली न दिसणारा हौद तयार होतो.

मी माझ्या गॅरेजसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले आणि तळाशी रुंद केलेले काँक्रीटचे खांब, घातले. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केली आणि तिचे नियम आयएस २९११ या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये आहेत. हाताने फिरवायच्या ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) ३० सेंटिमीटर व्यासाचे भोक ३.५ मीटर खोल घ्यायचे, तळाशी ते अडीचपट म्हणजे ७५ सेंटिमीटर रुंद करायचे, सळयांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचे. तो रुंद भाग ओलावा फारसा न बदलणाऱ्या थरात रुतून बसतो, त्यामुळे वरची माती फुगली तरी पाइल उपसून निघत नाही. चारही कोपरे, दाराच्या दोन्ही बाजू आणि लांब भिंतींचे मध्य, एवढ्या ठिकाणी पाइल घेऊन वरून बीम फिरवला. हा बीम मातीला टेकता कामा नये. त्याखाली सुमारे ८० मिलिमीटर पोकळी ठेवावी लागते. गवंडी ती पोकळी आपुलकीने बुजवून टाकतात, म्हणून त्या दिवशी स्वतः उभे राहावे.

फरशी भिंतीपासून वेगळी ठेवावी, मध्ये डांबरी पट्टी घालावी. तिच्याखालची काळी माती जमेल तितकी, निदान ६० सेंटिमीटर, काढून चिकट मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुमसाने ठोकावा. न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर खालच्या फुगणाऱ्या मातीला आवरतो, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलेले आहे. रेतीला ते साधत नाही.

माती किती फुगते हे घरीही अजमावता येते. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घाला, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल ओता, हलवून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती तिच्या दीडपटीहून वर चढलेली दिसली, तर उथळ पायाचा विषय तिथेच संपवावा.

दोन गोष्टी मात्र आपल्या जागेवर अवलंबून आहेत. खड्ड्यात दीड-दोन मीटरच्या आत कठीण मुरूम लागला, तर पाइलवर पैसे घालू नयेत. मुरमापर्यंत चर नेऊन काळ्या दगडाचा पट्टीपाया वर आणावा आणि जोत्याला काँक्रीटचा बीम द्यावा, ते स्वस्तही पडेल. आणि पुढेमागे गॅरेजवर खोली चढवण्याचा विचार असेल, तर वर सांगितलेली मापे जशीच्या तशी घेऊ नका. पाइल किती आणि कुठे, हे भार मोजून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या.