वाचक विचारतात : काट्यावर न दिसणारा फरक

प्रश्न : नागपुरात माझं आहार-सल्ला केंद्र आहे. लठ्ठपणासाठी येणाऱ्यांचं वजन आणि कंबर मोजतेच. रोजचं जगणं किती सोपं झालं, हेही नोंदवायचं आहे. कोणती प्रश्नावली घ्यावी?
– एक आहारतज्ज्ञ, प्रतापनगर

उत्तर : 'ईक्यू-५डी' ही कुठल्याही आजारात चालणारी सर्वसाधारण प्रश्नावली दोन मिनिटांत भरून होते, पण तिच्या पाच प्रश्नांत ऑटोत अंग चोरून बसावं लागणं कुठेच येत नाही. त्यामुळे लठ्ठपणासाठीच बेतलेली 'आयडब्ल्यूक्यूओएल-लाइट' घ्या. तिच्यात 31 प्रश्न आहेत : शारीरिक हालचाल 11, स्वतःबद्दलचं मत 7, लैंगिक जीवन 4, चारचौघांतला संकोच 5, काम 4. सगळे गेल्या आठवड्याबद्दलचे. वापरायला हक्कधारकांची परवानगी लागते. मराठी प्रतही त्यांच्याकडेच मागा. घरच्या घरी भाषांतर करू नका, एका शब्दाने गुण हलतात.

प्रत्येक उत्तराला 1 (कधीच नाही) ते 5 (नेहमी). इथे 5 म्हणजे त्रास जास्त. पण आपल्याकडे शाळेपासून मोठा आकडा चांगला, म्हणून काही जण खुशाल पाचांवर खुणा करत सुटतात. पहिले दोन प्रश्न सोबत वाचून घ्या. हालचालीच्या 11 उत्तरांची बेरीज 55 मधून वजा करा, 44 ने भागा, 100 ने गुणा. बेरीज 33 आली तर गुण 50. इथे मात्र 100 सर्वांत उत्तम. बाकी गटांचं गणितही याच पद्धतीचं.

खरी पंचाईत लैंगिक जीवनाच्या चार प्रश्नांची. शेजारी सासूबाई किंवा नवरा बसला असेल तर ते कोरे राहतात, नाहीतर सरसकट 'कधीच नाही'. दुसरा प्रकार वाईट, कारण तो खरा वाटतो. कागद एकटीच्या हातात द्या, दार लोटा आणि भरून झाल्यावर तिच्यासमोर वाचत बसू नका. कागद वजन करण्याआधी भरून घ्या. काट्यावरचा आकडा कळला की उत्तरं त्याच्यामागे जातात.

प्रश्न : चार महिन्यांत माझं वजन 6 किलो उतरलं, पण 'आयडब्ल्यूक्यूओएल-लाइट'चे एकूण गुण 62 चे 66 च झाले. उपचार वाया गेले का?
– एक वाचक, महाल

उत्तर : मूळ गुण किती होते त्यानुसार साधारण 7.7 ते 12 गुणांची वाढ अर्थपूर्ण मानतात, म्हणून 4 वर निकाल देऊ नका. दोन्ही वेळचे पाचही गट शेजारी मांडा. एक गट बराच वर आणि दुसरा खाली गेला असेल, तर एकूण बेरजेत ते झाकलं जातं. शिवाय पहिला कागद जानेवारीतला आणि दुसरा मे महिन्यातला असेल तर नागपूरचं ऊनही हिशेबात घ्या. पारा 45 च्या घरात असताना हालचालीचे गुण कुणाचेही घसरतील. पुढची मोजणी जानेवारीतच करा.