पहिल्या बिअरचे आंबवणे आणि मुरवणे

परवान्याविना मद्यनिर्मिती महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार करता येत नाही, तेव्हा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे परवान्याची चौकशी आधी करावी.

त्यानंतरचा खरा प्रश्न सांगलीच्या उन्हाचा आहे. एल (बिअरचा एक प्रकार) आंबवणाऱ्या नेहमीच्या यीस्टला साधारण 18 ते 20 अंश सेल्सिअस मानवते, आणि आंबण्याच्या क्रियेतूनच उष्णता निर्माण होत असल्यामुळे भांड्यातील द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक तापतो. पहिल्या तीन दिवसांत हे तापमान हाताबाहेर गेले, तर झोंबणारी चव पुढे कितीही मुरवले तरी पुरती जात नाही. म्हणून पहिले आधण (एका वेळची खेप; गुऱ्हाळातला हा शब्द येथेही शोभतो) पौषात लावावे, भांडे पाण्याच्या घमेल्यात ठेवून त्याला ओले फडके गुंडाळावे. उन्हाळ्यातच करायचे असल्यास नॉर्वेचे क्वाइक यीस्ट घ्यावे. ते 35 अंशांतही नेटके काम करते.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले, असे समजू नये. हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचे) माप सलग तीन दिवस तेच राहिले, तरच बाटल्या भराव्यात. एका चैत्रात मी घाई केली आणि माळ्यावरच्या चार बाटल्या मध्यरात्री फुटल्या. बाटल्या भरताना फेसासाठी साखर लिटरमागे 6 ग्रॅम, तीही वजन करून, पाण्यात उकळून घालावी. नंतर दोन आठवडे बाटल्या अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवाव्यात. लगेच फ्रीजमध्ये ठेवल्यास यीस्ट सुस्तावते आणि बिअरला फेस धरत नाही.