फोन वाजला की इंटरनेट तुटते: मोडेमपेक्षा घरातली जुनी वायर तपासा

गिरगावातील आपल्या चाळीतल्या घरी तांब्याच्या टेलिफोन लाइनवरचे इंटरनेट संथ चालते, फोन वाजला की ते तुटते आणि मोडेम बदलूनही फरक पडलेला नाही, असे आपण लिहिले आहे. हॉलमधल्या फोनची वायर दारांच्या चौकटींवरून फिरवत आतल्या खोलीत एक्स्टेन्शन नेले आहे, असेही आपण म्हणता. माझ्या मते दोष बहुधा तिथेच आहे, त्यामुळे आणखी एका मोडेमवर पैसे घालवू नयेत.

आधी खात्री करून घ्या. कंपनीची वायर घरात शिरते तिथल्या रोझेटमधून (भिंतीवरच्या फोनच्या जोडणीच्या डबीतून) घरातले बाकीचे वायरिंग सोडवा, मोडेम तिथेच थेट जोडा आणि लॅपटॉपही वाय-फायऐवजी केबलने लावा. मोडेमच्या पानावर, बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, एसएनआर मार्जिन (लाइनवरच्या गोंगाटापेक्षा सिग्नल किती सुरक्षितपणे वर आहे, तो आकडा) आणि लाइनचा वेग दिसतो. मार्जिन ६ डेसिबलच्या खाली असेल तर जोडणी तुटत राहणार. १० च्या वर असेल तर सहसा काळजी नसते. रोझेटवर मार्जिन आधीपेक्षा वाढले, किंवा ते तेवढेच राहून वेग वाढला, तर दोष घरातल्या वायरिंगचाच समजावा. अटेन्युएशनचा, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण होतो त्याचा, आकडा मात्र मुख्यतः एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर ठरतो; त्यावर घरात इलाज नाही.

बोलणे साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात मावते, तर एडीएसएल२+ (टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणारी पद्धत) सुमारे २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जाते, म्हणून ज्या वायरीवर फोन स्वच्छ ऐकू येतो तिच्यावर इंटरनेटही धडपणे चालेलच असे नाही. एक्स्टेन्शनच्या फाट्यात, म्हणजे मुख्य लाइनला जोडलेल्या जादा वायरीत, शिरलेला सिग्नल टोकावरून आदळून परततो आणि काही फ्रिक्वेन्सींवर मूळ सिग्नललाच मारतो. फाटा २५ मीटरांच्या आसपास असेल, तर ही मार २ मेगाहर्ट्झजवळ, म्हणजे नेमकी कामाच्या पट्ट्यात बसते, आणि चौकटींवरून फिरवलेली वायर तेवढी सहज भरते. शिवाय जुनी चपटी वायर पिळाची नसल्याने ट्यूबलाइटच्या चोकचा आणि लिफ्टच्या मोटरचा गोंगाटही ती गोळा करते.

फोन वाजताना लाइनवर सुमारे ७५ व्होल्टची घंटी येते; एखादा फोन स्प्लिटरला (आवाज आणि इंटरनेट वेगळे करणाऱ्या डबीला) वळसा घालून थेट लाइनवर असेल, किंवा नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड हिरवट पडला असेल, तर मोडेम नेमका तेव्हाच कोसळतो.

उपाय असा, की स्प्लिटर फोनजवळ न ठेवता रोझेटलाच लावावा आणि त्याच्या मोडेमच्या तोंडापासून मोडेमपर्यंत कॅट-५ केबलची एक पिळाची जोडी, मध्ये एकही जोड न ठेवता, न्यावी. जुने एक्स्टेन्शन उखडण्याची गरज नाही. ते स्प्लिटरच्या फोनच्या तोंडाला जोडले की त्यातून केवळ आवाज जातो आणि त्याचा उपद्रव संपतो. घरोघरी स्प्लिटर लावलेला असतो, पण चुकीच्या जागी.

रोझेटवरही आकडे वाईटच आले, तर दोष बाहेरचा आहे. एक अंक दाबून डायल टोन बंद करा आणि शांतपणे ऐका: खरखर असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर जिन्यातल्या डीपी बॉक्समध्ये (घरोघरच्या लाइन जिथून फुटतात त्या कंपनीच्या पेटीत) ओल शिरलेली असू शकते. ती पेटी स्वतः उघडू नये. तक्रार नोंदवताना मात्र ‘इंटरनेट संथ आहे’ एवढेच न सांगता ‘लाइनमध्ये खरखर आहे’ असे सांगावे, म्हणजे मोडेम तपासणाऱ्याऐवजी लाइनमन येण्याची शक्यता वाढते.