स्विमिंग पूलच्या व्हिडिओत धडा शोधू नका

श्रीलंका, बांगलादेशात लोकांनी सरकार पळवून लावलं, त्यातून इतर देशांनी काय घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. सगळ्यांना ९ जुलै २०२२ चा व्हिडिओ आठवतो, कोलंबोत राष्ट्राध्यक्षांच्या निवासातल्या पूलमध्ये उड्या मारणारी पोरं. पण माझ्या मते शिकण्यासारखं सगळं त्याच्या आधीच घडून गेलेलं.

२०२१ च्या मे महिन्यात श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षेंनी रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. नाव सेंद्रिय शेतीचं, पण टुरिझम झोपलेला, डॉलर आटलेले, तो हिशेबही होताच की. शेतीतले जाणकार कानीकपाळी ओरडत होते, भात जाईल, चहा जाईल. ऐकणार कोण? २०२० मध्ये लोकांनीच राजपक्षेंच्या पक्षाच्या पदरात जवळपास दोन तृतीयांश बहुमत टाकलं, लगेच विसावी घटनादुरुस्ती करून अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे, पंतप्रधान भाऊ महिंदा, पुढे अर्थमंत्री दुसरा भाऊ बासिल, म्हणजे नाही म्हणणारा माणूस टेबलावर उरलाच नाही. नोव्हेंबरात बंदी उठवली तोवर भाताचा मोठा हंगाम सुरू झालेला, आणि जवळजवळ स्वतःपुरता तांदूळ पिकवणारा देश बाहेरून तांदूळ मागवायला लागला. मग पेट्रोलच्या रांगा, गॅसच्या रांगा, वीज गुल. चुका सगळीच सरकारं करतात हो, इथे चूक वेळेत सांगायची सोयच काढून टाकली होती.

बांगलादेशातही तेच. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीवर मुख्य विरोधी पक्षाचा बहिष्कार, म्हणजे मतपेटीचा रस्ता बंद. जुलैत सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्यावरून पोरं रस्त्यावर आली, २१ तारखेला सुप्रीम कोर्टाने स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा ३० टक्के कोटा ५ वर आणला, मागणी जवळपास पूर्ण, पण तोवर शंभराहून जास्त माणसं मेली होती, मग कोट्याचं कोणाला पडलंय? ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून दिल्लीजवळ उतरल्या.

आणि सरकार पडल्यावर काय, हे कोणी बघतच नाही. कोलंबोत लोकांनी हाकललं गोटाबायांना, खुर्ची मिळाली मुरलेले जुने नेते रनिल विक्रमसिंघेंना, तीही राजपक्षेंच्याच पक्षाच्या मतांवर, आणि दोन दिवसांत लष्कराने कोलंबोतल्या गॉल फेसवरचे आंदोलकांचे तंबू उखडले. खरा बदल झाला २०२४ च्या निवडणुकीत. २०२० मध्ये ३ जागा मिळालेली, त्याच वर्षी (२०२४) राष्ट्राध्यक्ष झालेल्या अनुरा दिसानायकेंची आघाडी संसदेत २२५ पैकी १५९ वर गेली, कारण गावोगाव कार्यकर्ते होते. नुसत्या हॅशटॅगवर हे जमत नाही. तरी ते भलंमोठं अधिकार असलेलं राष्ट्राध्यक्षपद तेव्हाही रद्द झालं नाही बरं का, ते रद्द करू म्हणून त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झालेल्या चंद्रिका कुमारतुंगांनी १९९४ मध्येच सांगितलं होतं.